यजमानावांचून पाहुणचार

मुक्काम म्हटला म्हणजे रात्र आलीच. दिवसभर चालावें, सूर्य मावळला कीं कोठें तरी अंग टाकावें आणि उजाडतांच पुन्हां वाट धरावी, ह्या क्रमांतूनच मुक्काम हा शब्द आणि त्यामागची सारी उबदार कल्पना आपल्या मनांत रुजली आहे. पण पृथ्वीच्या दक्षिण टोकास अलीकडे असे मुक्काम विकत मिळूं लागले आहेत कीं, ज्यांत रात्र मुळीं येतच नाहीं. भर उन्हाळ्याच्या दिवसांत तेथें सूर्य क्षितिजाखालीं उतरत नाहीं. घाण्याच्या बैलाप्रमाणें तो आकाशांत गोल फिरत राहतो. त्या अखंड उन्हांत, नजर पोंचेल तेथवर पसरलेल्या हिमावर, दुपदरी तंबू ठोकलेले असतात. आंत गादी-उशी असते, जेवणाच्या मोठ्या तंबूंत आचारी ताजें अन्न रांधीत असतो, आणि पाहुणे घड्याळाकडे पाहून रात्र झाली असें ठरवितात व डोळ्यांवर पट्टी ओढून निजतात. बाहेर पाणी गोठत असतां नुसत्या उन्हानें तंबूच्या आंतली हवा आपल्याकडील माघांतल्या एखाद्या दिवसाइतकी सुखद होते.

ही कांहीं कादंबरीकाराची कल्पना नव्हे. अंटार्क्टिका खंडांत एल्सवर्थ नांवाच्या पर्वतराजीजवळ, यूनियन हिमनदीवर, २०१० सालापासून अशी एक छावणी दर उन्हाळ्यांत उभी राहते आणि उन्हाळा सरला कीं आवरली जाते. चिली देशाच्या दक्षिण टोकास असलेल्या पुंता अरेनास शहराहून सुमारें तीन हजार किलोमीटरचें अंतर तोडून विमान तेथें निळ्या बर्फावर चाकांनिशीं उतरतें. वाऱ्यानें वरचें भुसभुशीत हिम झाडून नेलेलें असल्यामुळें तो बर्फ फरशीसारखा टणक असतो. दुसरीकडे, आफ्रिकेंतील केपटाउनहून पांच-साडेपांच तासांत गांठतां येतील अशा छावण्या क्वीन मॉड लँड ह्या भागांत आहेत. त्यांपैकीं व्हिचअवे नांवाची छावणी शिर्माकर ह्या खडकाळ पट्ट्यांत एका गोठलेल्या तळ्याच्या कांठीं आहे, व तेथें कापडी तंबूंच्या जागीं घुमटाच्या आकाराच्या उबदार खोल्या आहेत. आठवडाभराच्या अशा सफरीस माणशीं अर्धा कोट रुपये हा आंकडा ह्या व्यवहारांत नवलाचा समजला जात नाहीं. आमच्यासारख्या पेन्शनीच्या उंबरठ्यावर आलेल्या प्राध्यापकापुरता जावें कीं न जावें हा प्रश्न त्या आंकड्यानेंच सोडविला आहे. तेव्हां पुढील विवेचनांत मोह आड येण्याचें भय नाहीं. मत्सराचें मात्र आहे, तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

विचारावयाचा प्रश्न असा कीं, ह्यांत नीतीच्या दृष्टीनें वावगें असें कांहीं आहे काय, आणि असल्यास तें नेमकें कोठें आहे?

असल्या छावण्यांचें वर्णन वाचलें कीं सुशिक्षित मनाची पहिली प्रतिक्रिया बहुधा उपहासाची होते. ज्या भूमीवर माणसें उपाशीं, थिजून मेलीं, तेथें हे धनिक लोकरी शाली पांघरून मेजवान्या झोडतात! कष्टावांचून मिळालेलें दर्शन हें दर्शनच नव्हे, असा ह्या उपहासाचा गर्भितार्थ असतो. आम्हांस तो पटत नाहीं. कष्ट हेंच पुण्य मानण्याची एक जुनी खोड मनुष्यजातीस आहे, व ती संन्याशांपेक्षां आरामखुर्चींत बसणारांत अधिक आढळते. आळंदीहून पायीं जाणाऱ्या वारकऱ्याचा महिमा थोर आहे. पण गुडघे गेलेली म्हातारी एस्. टी. नें पंढरपुरास उतरली तर विठोबा तिच्याकडे पाठ फिरवितो असें आजवर एकाही वारकऱ्यानें म्हटलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं. वाट चालणें ही एक वस्तु आहे व पोंचणें ही दुसरी. पहिली ज्यास साधली नाहीं त्यास दुसरीचाही अधिकार नाहीं हें म्हणणें निर्दयपणाचें होईल.

शिवाय ज्यांच्या नांवानें हा उपहास केला जातो त्यांची साक्ष काय आहे? १९११ च्या जून महिन्याच्या अखेरीस, म्हणजे तेथील भर हिंवाळ्यांत, विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे इंग्रज एम्परर पेंग्विन पक्ष्यांचीं अंडीं आणण्यासाठीं काळोखांत निघाले. अंड्यांतील गर्भावरून पक्ष्यांच्या उत्पत्तीचा इतिहास उलगडेल अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. पारा शून्याखालीं साठ अंशांपर्यंत उतरला. वाटेंत वादळानें त्यांचा तंबूच उडवून नेला. तंबू गेला म्हणजे प्राण गेला, हें तिघांसही ठाऊक होतें. उरल्या-सुरल्या निवाऱ्याचें छप्परही फाटून गेल्यावर ते आपापल्या झोपावयाच्या पिशव्यांत, अंगावर हिम सांचत असतां, नुसते पडून राहिले. वारा ओसरल्यावर तो तंबू उताराच्या तळाशीं सांपडला आणि ते जगले. पांच आठवड्यांनीं ते परतले तेव्हां त्यांच्याजवळ तीन अंडीं होतीं. पुढें लंडनच्या संग्रहालयांत त्या अंड्यांचें स्वागत अगदीं थंडपणानें झालें, व अखेर त्यांपासून शास्त्रास म्हणण्यासारखा लाभ झाला नाहीं. एवढ्या अमानुष कष्टांनीं त्या अंड्यांच्या मोलांत रतिभर भर घातली नाहीं. आणि त्या तिघांपैकीं कोणास त्या रात्रीं यूनियन हिमनदीवरील गादी देऊं केली असती तर त्यानें ती नाकारली असती असें मानणें हा त्यांचा गौरव नसून त्यांच्याविषयींचें अज्ञान होय. तंबू मनुष्यास हवा असतो तो ऊब मिळावी म्हणूनच.

दुसरा आक्षेप पैशाचा. अर्ध्या कोटींत किती मुलांचें शिक्षण झालें असतें, इत्यादि. आक्षेप खोटा नाहीं, पण तो ह्या तंबूंचा खास आक्षेप नाहीं. मुंबईंतील एखाद्या लग्नाच्या मांडवासही तो तितकाच लागू पडतो. म्हणून तो येथें सोडून देतों.

आमच्या मतें गोष्ट निराळी आहे. पाहुणा ह्या शब्दास यजमान ह्या शब्दाची जोड असते. आपल्या अतिथिधर्माचें वर्णन करतांना आपण यजमानाच्या कर्तव्यांचाच घोष करतों. पण धर्म दुहेरी आहे, आणि पाहुण्याचा धर्म पाळला जातो तो बव्हंशीं यजमानाच्या नजरेमुळें. पानांत वाढलेलें टाकूं नये, अंथरूण घडी करून ठेवावें, निघण्याचा दिवस आपणच ओळखावा, हें सारें आपण परक्या घरीं बिनबोभाट करतों, कारण समोर कोणी तरी असतो. तोच मनुष्य धर्मशाळेंत उतरला कीं कोळशानें भिंतीवर आपलें नांव लिहितो. किल्ल्यांच्या तटांवरील नांवें पाहावीं. जेथें शिवरायांचा वास होता असें आपण म्हणतों तेथेंही, प्रत्यक्ष यजमान दिसत नाहीं एवढ्यावरून आपली जीभ आणि हात दोन्ही सुटतात.

अंटार्क्टिका ही सर्वांत मोठी धर्मशाळा आहे. उत्तर ध्रुवाकडील मुलखांत इन्युइट आहेत, सामी आहेत. तेथें जाणारा कोणाच्या तरी अंगणांत उतरतो, आणि तो अंगण तुडवितो तेव्हां निदान कोणी तरी रागावूं शकतें. दक्षिणेच्या ह्या खंडांत मूळचा रहिवासी असा एकही मनुष्य कधीं नव्हता. सात राष्ट्रांनीं त्याचे वांटे आपले म्हणून सांगितले होते. १९५९ च्या डिसेंबरांत बारा राष्ट्रांनीं केलेल्या करारानें ते दावे जेथल्या तेथें गोठविले. १९८३ सालीं भारतही ह्या करारांत आला. १९९१ मध्यें मॅड्रिड येथें त्यास जी पुरवणी जोडली गेली तिच्यानें हा सारा खंड शांतता व विज्ञान ह्यांस वाहिलेलें राखीव क्षेत्र ठरला, व तेथील खनिजांस हात लावण्याची मनाई झाली. घर कोणाचेंच नाहीं, पण घराचे नियम मात्र आहेत, अशी ही विलक्षण स्थिति आहे.

आमच्याकडील वाचकास ही स्थिति वाटते तितकी परकी नाहीं. कोंकणांत आणि मावळांत गांवाच्या कडेला देवराया असतात. तेथें कोणी राहत नाहीं, कोणी पेरीत नाहीं, आणि कित्येक ठिकाणीं वाळलेली काटकीही कोणी उचलीत नाहीं. कुऱ्हाड खांद्यावर घेऊन रोज त्याच वाटेनें जाणारा मनुष्य त्या हद्दींत शिरला कीं कुऱ्हाड खालीं धरतो. कायदा नाहीं, कुंपण नाहीं. एक शेंदूर फांसलेला दगड असतो आणि त्या दगडाचें भय असतें. देवराईला यजमान आहे, तो दिसत नाहीं एवढेंच. मॅड्रिडच्या करारानें एक अखंड भूखंड देवराई म्हणून सोडला असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. फरक इतकाच कीं, ह्या देवराईंत शेंदूर फांसलेला दगड नाहीं.

पण भय होतें. तें थंडीचें होतें.

ही गोष्ट अलंकार म्हणून आम्ही म्हणत नाहीं. अंटार्क्टिकेच्या सभोंवारच्या ज्या बेटांत व समुद्रांत थंडी माणसास सोसण्याजोगी होती तेथें माणसानें काय केलें तें पाहावें. दक्षिण शेटलंड बेटांचा शोध १८१९ सालीं लागला, आणि दोन-तीन हंगामांतच तेथील फरधारी सील कातड्यांसाठीं लाखांनीं मारले गेले, इतके कीं पुढें मारावयास उरले नाहींत म्हणून तो धंदाच बुडाला. विसाव्या शतकांत दक्षिण महासागरांत दहा लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. त्यांतील निळा देवमासा समूळ नाहींसा होण्याच्या बेतांत आला. हीं माणसें क्रूर होतीं असें नाहीं. घरीं तीं मुलांस मांडीवर घेऊन बसणारीं माणसें होतीं. त्यांस तेथें कोणी अडविलें नाहीं, एवढेंच. आणि त्याच काळांत खंडाचा अंतर्भाग जसाच्या तसा राहिला, तो कोणाच्या सद्गुणामुळें? तेथें चार दिवस काढावयाचे तर जीव गहाण टाकावा लागे, म्हणून.

ह्या रखवालदाराची शिक्षा किती कठोर होती हें एका तंबूवरून कळतें. कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती १७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोंचले. पण अॅमुंडसेन महिन्यापूर्वींच तेथें येऊन गेला होता, व त्यानें मागें ठेवलेला छोटा तंबू त्यांस पाहावा लागला. परतीच्या वाटेवर इव्हान्स गेला, ओट्स गेला. आणि उरलेले तिघे, स्कॉट, विल्सन व बॉवर्स, अन्नाच्या सांठ्यापासून अवघ्या अठरा किलोमीटरांवर वादळानें कोंडले जाऊन आपल्या तंबूंतच संपले. पेंग्विनच्या अंड्यांसाठीं गेलेल्यांतील विल्सन आणि बॉवर्स ते हेच. आठ महिन्यांनीं, १२ नोव्हेंबरास, शोध करणारांना तंबू सांपडला तेव्हां त्यांनीं आधाराच्या काठ्या काढून तोच त्यांच्यावर अंथरला आणि वर हिमाची रास रचली. त्या शोधपथकांत चेरी-गॅरार्ड होता.

एकाच वस्तूचीं हीं दोन रूपें आम्ही मुद्दाम शेजारीं ठेविलीं आहेत. तेव्हां तंबू म्हणजे रखवालदाराची गयावया करून मिळालेली घटकाभराची परवानगी होती. आज तंबू म्हणजे रखवालदारास बाहेर उभें करून आंतून लावलेलें दार आहे. सुखांत पाप आहे असें आम्ही मानीत नाहीं हें वर सांगितलेंच. पण सुखानें येथें एक अदलाबदल घडविली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. ज्या संयमाचें काम आजवर थंडी करीत होती तें आतां माणसाच्या मनास करावें लागणार. आणि हें काम माणसाच्या मनानें बिनभयानें, बिनसाक्षीनें, आपखुषीनें केल्याचीं उदाहरणें इतिहासांत फार थोडीं आहेत.

छावण्या चालविणाऱ्यांस ह्याची जाणीव मुळींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. यूनियन हिमनदीवरील छावणींतून सारा केरकचरा, इतकेंच काय पण मानवी मलमूत्रही, विमानानें चिलीस परत नेलें जातें. हें ऐकून आमच्या एका मित्रांनीं नाक मुरडलें. आम्हांस मात्र ही सर्व प्रकरणांतील सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या नदीकांठीं ह्याच्या शतांश जरी दक्षता असती तर किती बरें झालें असतें! जाणाऱ्या-येणाऱ्या कंपन्यांचा एक संघ १९९१ पासून आहे, व पाहुण्यांनीं बूट कसे धुवावे, पक्ष्यांपासून किती अंतरावर उभें राहावें, ह्याचे नियम त्यानें घालून दिले आहेत. पाहुण्यानें स्वतःच यजमानाची भूमिका घेण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

परंतु जें पेटींत भरून परत नेतां येत नाहीं त्याचें काय? तंबूच्या भोंवतालचें हिम स्वच्छ राहतें, आणि तेथवर पोंचविणाऱ्या इंधनाचा धूर हवेंत जातो. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासांत, पाहुण्यांची वर्दळ असलेल्या भागांत काजळीमुळें हिम काळवंडून अधिक वितळतें व एकेका पाहुण्यामागें हा क्षय सुमारें ८३ टन भरतो, असा अंदाज मांडला आहे. २०२३-२४ च्या हंगामांत तेथें गेलेल्यांची संख्या एक लाखाच्या वर होती. बहुतेक सारे जहाजानें किनाऱ्याशीं जाऊन येणारे. आंत जाऊन तंबूंत निजणारे त्यांत मूठभरच. पण मूठभरांची वाट पुढें हमरस्ता होते, हें कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणाच्या रहिवाशास विचारावें.

त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट आहे, ती लपविणें बरें नव्हे. शास्त्रज्ञांचीं ठाणीं दरमाणशीं ह्याहूनही कितीतरी अधिक काजळी सोडतात. मग पाहुण्यासच दोष कां? ह्याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. वर उल्लेखिलेल्या शिर्माकर पट्ट्यांतच भारताचें मैत्री हें ठाणें आहे. गोव्याच्या बंदरांतून ६ डिसेंबर १९८१ रोजीं निघालेली, डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालची आपली पहिली मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजीं त्या हिमावर उतरली. पुढें दक्षिण गंगोत्री हें पहिलें ठाणें बांधलें, तें हिमानें हळूहळू गिळलें व १९९० च्या सुमारास सोडून द्यावें लागलें. त्याआधींच १९८९ सालीं मैत्री उभें राहिलें होतें. म्हणजे एकाच खडकाळ ओसाडींत, तशाच गोठलेल्या तळ्यांच्या सोबतीनें, एकीकडे लक्षाधीशांची छावणी आहे आणि दुसरीकडे आमच्या सरकारी खर्चानें राहणारे, डाळ-भात जेवणारे शास्त्रज्ञ आहेत. आमची सहानुभूति कोणाकडे झुकते हें सांगावयास नको. म्हणूनच येथें सावध राहिलें पाहिजे. शास्त्रज्ञाच्या डिझेलचा धूर कांहीं पांढरा नसतो.

तरीही दोहोंत भेद आहे, आणि तो आम्हांस दोन गोष्टींत दिसतो. एक, शास्त्रज्ञ मुक्कामाचें भाडें देतो. २००४ सालीं युरोपांतील शास्त्रज्ञांनीं तेथील हिमांत तीन किलोमीटरांहून खोल छिद्र पाडून सुमारें आठ लाख वर्षांपूर्वींपर्यंतची हवा कशी होती ह्याची नोंद वर काढली. पृथ्वी तापत आहे व तिचें कारण काय, हें आपण आज ज्या खात्रीनें बोलतों तिचा मोठा आधार तसल्या हिमस्तंभांत आहे. घर कोणत्या रोगानें खचत आहे हें सांगणारा पाहुणा थोडें अधिक जेवला तरी चालतें. दुसरी गोष्ट अशी कीं, वीस-पंचवीस माणसें मैत्रीवर हिंवाळाही काढतात. मेच्या अखेरीपासून जवळजवळ दोन महिने तेथें सूर्य उगवत नाहीं. जहाज येत नाहीं, आणि कंटाळा आला म्हणून निघून जाण्याची सोय नाहीं. छावणींतला पाहुणा त्या भूमीचा एकच लांबलचक दिवस पाहतो. तिची रात्र त्याच्या पावतींत नाहीं. मनुष्याच्या स्वभावाचें एकच अंग पाहून त्यास ओळखतों म्हणणाऱ्यास आपण काय म्हणतों?

पाहुण्यांच्या वकिलांचा एक युक्तिवाद नेहमीं पुढें येतो. जो हें सौंदर्य डोळ्यांनीं पाहील तो आयुष्यभर त्याचा रक्षक होईल, म्हणून जितके जातील तितकें बरें. ऐकावयास हें फार गोड आहे. पण महाबळेश्वरावर प्रेम नसलेला मनुष्य महाराष्ट्रांत सांपडेल काय? शंभर-दीडशें वर्षें आम्ही त्या डोंगरावर प्रेम करीत आलों, कविता लिहिल्या, मधुचंद्र केले, आणि त्या प्रेमाच्या मोटारी मे महिन्यांत घाटांत तासन् तास एकीमागें एक उभ्या असतात. प्रेम हें जवळ जाऊं पाहतें. रक्षणास कधीं कधीं दूर राहावें लागतें. सौंदर्य पाहून मन कोमल होतें हें खरें, पण कोमल झालेलें मन पुन्हां तेंच पाहण्यासाठीं आणखी एक तिकीट काढतें, हाच सर्वसाधारण अनुभव आहे.

एका प्रसंगीं मात्र त्या तंबूंतला पाहुणा खराखुरा पाहुणा होतो, असें आम्हांस वाटतें. ह्या सफरींत जाण्या-येण्याचा दिवस निश्चित सांगतां येत नाहीं. वारा सुटला किंवा ढग उतरले कीं विमान उडत नाहीं, हें आगाऊच कळविलेलें असतें. मग कधीं कधीं पाहुण्यांस ठरल्याहून चार दिवस अधिक तेथें अडकून पडावें लागतें. तंबूचें कापड रात्रंदिवस फडफडत असतें, पाहण्यासारखें सारें पाहून झालेलें असतें, ध्रुवाचें छायाचित्र पेटींत असतें, घरीं महत्त्वाचीं कामें खोळंबलेलीं असतात, आणि पैसा, जो आजवर प्रत्येक दार उघडीत आला, तो येथें मुका उभा राहतो. कित्येकांस त्या दिवसांचा फार राग येतो म्हणे. ते आमच्याशेजारीं बसले असते तर आम्हीं त्यांस सांगितलें असतें कीं, बाबांनो, अर्ध्या कोटींतला एवढाच भाग तुम्हांस खऱ्या अर्थानें पोंचला. यजमान आज घरीं आहे, आणि तो तुम्हांस बसा म्हणत आहे. अर्थात् हें घरीं खुर्चींत बसून सांगणें सोपें आहे.

आतां एक शेवटची गोष्ट, जी ह्या तंबूंच्या बाहेरची दिसते, पण नाहीं. स्कॉटचा तंबू सांपडला तेव्हां शेजारच्या घसरगाडींत सुमारें सोळा किलो दगड होते. बिअर्डमोर हिमनदीवर, आपण आतां बहुधा वांचत नाहीं अशी पुसट जाणीव झाली असतांही, त्यांनीं ते गोळा केले आणि पुढें ओझें खेंचण्याचें त्राण उरलें नाहीं तरी टाकून दिले नाहींत. त्या दगडांवर ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. तेंच झाड आपल्याकडेही होतें. गोंडांच्या मुलखावरून ज्यास गोंडवन हें नांव शास्त्रज्ञांनीं दिलें त्या महाखंडांत हिंदुस्थान आणि अंटार्क्टिका कोट्यवधि वर्षांपूर्वीं एकमेकांस चिकटलेले होते, ह्या सिद्धांतास त्या पानांनीं बळ दिलें. ज्यास आम्ही वर बेवारस घर म्हटलें तें एके काळीं आमच्याच वाड्याचा एक सोपा होता.

त्या रानांचा कोळसा तिकडे अजून डोंगरांत तसाच आहे. शॅकलटनच्या तुकडीस तो १९०८ सालींच दिसला होता. त्यास हात लावण्याची मनाई मॅड्रिडच्या करारानें केली, आणि तो करार १९९८ पासून अंमलांत आहे. २०४८ सालीं त्यास पन्नास वर्षें होतील, व तेव्हांपासून त्यांतील मतदानाचा अधिकार असलेल्या कोणाही राष्ट्रास फेरविचाराची परिषद मागतां येईल. करार आपोआप संपतो असें नव्हे; पण प्रश्न काढण्याची मुभा मिळते. आज महाविद्यालयांत विशीच्या आंत-बाहेर असलेलीं मुलें त्या वेळीं चाळिशीच्या आसपास आलेलीं असतील, आणि तेव्हां थंडीची रखवाली किती शिल्लक राहिलेली असेल ह्याचा अदमास ज्यानें त्यानें करावा. कारण ती रखवाली केवळ तंबूंतले पाहुणेच उठवीत आहेत असें नाहीं. त्याच ग्लॉसॉप्टेरिसच्या रानांपासून झालेला कोळसा आमच्या वर्धा नदीच्या खोऱ्यांतून निघतो, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत रात्रंदिवस जळतो, आणि हा लेख ज्या दिव्याखालीं लिहिला तो बहुधा त्याच विजेवर लागलेला आहे.